कुंदाचं शेवटचं वाक्य

तालमीत कोणी रडलं की कुंदा शिट्टी मारायची. दोन बोटं तोंडात घालून, रिक्षास्टँडवरच्या माणसांसारखी. रडणारी बाई दचकून गप्प व्हायची, बाकीच्या हसायच्या, आणि कुंदा म्हणायची, "रडायला लोकांना घर हाय. इथं ते हसायला येतात."

मध्यंतरी महिला मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे तिच्यावर दोन पानं मागितली होती. मी दिली. कुंदा उत्साही होती, कष्टाळू होती, तिने बोईसरच्या बायकांना रंगमंचावर उभं केलं, वगैरे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ती पानं छापून आली तेव्हा मला वाचवेनात. म्हणून आता हे निराळं लिहिते.

ती केळव्याची. घरची पानाची वाडी, नारळ, सुपारी, चार भाऊ. ती मॅट्रिक झाली आणि बोईसरच्या औषधाच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मी त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये होते. बाटल्यांवरची लेबलं सरळ लागली आहेत की नाही हे बघायचं तिचं काम. दिवसभर पट्ट्यावरून बाटल्या पुढे जायच्या आणि वाकडं लेबल दिसलं की तिचा हात आपोआप पुढे यायचा. एकदा मी म्हटलं, "कंटाळा येत नाही का गं?" तर म्हणाली, "वैनी, आतलं औषध कोण बघतो? लेबल सरळ पायजे." मी हसले होते.

उंच, हाडापेराने मोठी. नऊवार नव्हे, पाचवारीच नेसायची, पण पदर कमरेला असा खोचायची की वाटावं, आता ही कोणाचं तरी कपाट उचलून दुसऱ्या खोलीत नेणार. पुरुषी घड्याळ, तेही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. सरावलीहून कारखान्यात सायकलने यायची. त्या काळी बोईसरात साडी नेसून सायकल चालवणारी ती एकटीच असावी. रिक्षावाले ओरडायचे, "बहनजी, घंटी बजाओ!" ती न थांबता ओरडायची, "घंटी नाय हाय भाई, मुंह हाय मेरेको! बाजू हट!" आणि ते खरंच बाजूला व्हायचे. हसत व्हायचे. लोकांना हसवून बाजूला करायचं हे तिला जन्मतः येत असावं.

तिची एक खोड मी लवकर ओळखली होती. नको असेल ते ती सरळ "नाय" म्हणून टाकायची, मग समोर मॅनेजर असो की तिचा थोरला भाऊ. पण मनातून तिने मान तुकवलेली असली की "नाय" नाही आणि "हो" नाही, ती म्हणायची, "बघते." तालमीच्या दिवशी सुपरवायझरने ओव्हरटाइमला थांबायला सांगितलं आणि कुंदा "बघते" म्हणाली की मी निमूटपणे बाकीच्या बायकांना निरोप द्यायचे, आज तालीम नाही.

लीला तिच्याबरोबर राहायची. सरावलीला एका चाळीत त्यांची खोली होती. लीला कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. पालघरची, आईवडील नाहीत, एक मोठा भाऊ, त्याचं कापडाचं दुकान. लहानखुरी, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं. कोणाचं बोट कापलं आणि तो बोंबलत आला की ती शांतपणे म्हणायची, "बोट आहे अजून. ओरडणं थांबवा, मग मोजून दाखवते."

नऊ वर्षं त्या एकत्र राहत होत्या. आम्हाला कळत नव्हतं असं नाही. खोलीत खाटा दोन होत्या, पण एका खाटेवर कायम वाळलेले कपडे, नाटकाच्या वह्या आणि मिशांचा डबा असायचा. 'समलिंगी' हा शब्द मी फार नंतर, अगदी अलीकडे वर्तमानपत्रात वाचला. तेव्हा आमच्याकडे शब्द नव्हता. शब्द नसला की विचारताही येत नाही, आणि न विचारणं फार सोयीचं असतं. मी तर विचारलंही नव्हतं. एकदा नाटकाचा पडदा शिवताना कुंदाच म्हणाली, "वैनी, तू भाऊजींबरोबर राहतेस ना, तसंच आमचं."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे तसंच. फक्त आमच्यात भांडी घासायची पाळी असते."

"मग तुमचंच बरं आहे की," मी म्हटलं आणि सुईत दोरा ओवला. त्या दोघी माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिल्या की मला शेवटी म्हणावं लागलं, "काय झालं? पडदा धरा."

ज्या नाटकावरून पुढचं सगळं घडलं, त्याची सुरुवात रेशनकार्डापासून झाली. मला कार्डावर पत्ता बदलून घ्यायचा होता, त्यांना नवीन कार्ड काढायचं होतं, म्हणून तिघी सुट्टी टाकून पालघरला गेलो. खिडकीतला कारकून म्हातारा, सज्जन, कामाला चोख.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"मी," कुंदा म्हणाली.

"नवरा?"

"नाय."

"वारला?"

"आलाच नाय."

कारकुनाने चष्मा वर केला. "आणि ह्या कोण?"

"ही लीला."

"नाव नाही विचारलं बाई. कुटुंबप्रमुखाशी नातं. हा बघा रकाना."

"बहीण लिवा."

"आडनाव वेगळं आहे."

"लगीन झालंय तिचं."

"मग यांचं नाव नवऱ्याच्या कार्डावर असेल."

"तो आखातात हाय."

"सासरच्या कार्डावर असेल मग."

"सासू खाष्ट हाय. कार्डच लपवून ठेवलंय तिनं."

मागच्या रांगेतल्या बायका चुकचुकल्या. एकीने लीलाच्या पाठीवरून हात फिरवला. लीला खाली मान घालून उभी. कारकुनाने मोठा सुस्कारा टाकला आणि रकान्यात लिहिलं, 'बहीण'.

परत येताना एसटीत लीला बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. उमरोळी गेल्यावर म्हणाली, "दहा मिनिटांत माझं लग्न लावलंस, नवरा परदेशी धाडलास आणि वर सासू दिलीस. निदान सासू तरी बरी द्यायचीस."

कुंदा एवढ्या मोठ्याने हसली की कंडक्टर मागे आला. मग एकदम थांबून तिने माझा दंड धरला. "वैनी! कागद हाय? हे नाटक हाय!"

नाटकाचं नाव 'खोली भाड्याने देणे आहे'. दोघी मैत्रिणी बोईसरात खोली शोधताहेत. मालक चांगला आहे, खोली चांगली आहे, पण त्याचा एकच प्रश्न: तुम्ही एकमेकींच्या कोण? त्या म्हणतात, बहिणी. दुसऱ्या दिवशी मालक दोघींसाठी दोन सख्ख्या भावांची स्थळं घेऊन हजर. मग त्या म्हणतात, तसं नाही, आम्ही नणंद-भावजय. तर मालकाला तो भाऊ, म्हणजे नवरा, सहीला हवा. मग मायलेकी. त्यांच्यात तीन वर्षांचं अंतर. मालक बोटांवर मोजत बसतो. शेवटी वैतागून कुंदा सांगते, "सवती! सवती हाय आमी!" आणि इथे सगळ्यात मोठा हशा, कारण हे मालकाला लगेच पटतं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. "सवती असून एका ताटात जेवता! धन्य तो नवरा!" तो आपल्या बायकोला बोलावून आणतो, दाखवतो, बघ, शीक. दुसऱ्या अंकात हेही खोटं उघडं पडतं.

तालमी बालवाडीच्या खोलीत, पहिली पाळी सुटल्यावर. मैत्रिणींची कामं कुंदा आणि लीलाची, मालकाचं पॅकिंगमधल्या मीनाकडे. मिशीच्या डिंकाने तिच्या ओठावर पुरळ यायचं आणि लीला तिला मलम लावायची. मी प्रॉम्प्टर. माझं वाचन स्पष्ट आणि अभिनय शून्य, त्यामुळे यावर कधी वाद झाला नाही. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसायचं आणि कोण अडखळलं की पुढचा शब्द पुरवायचा. कुंदा कधीच अडखळत नसे. बाकीच्या विसरल्या तरी तीच पदरचं काहीतरी घालून वेळ मारून न्यायची. त्या घातलेल्यालाच टाळ्या जास्त पडायच्या. मी चिडायचे. ती म्हणायची, "वैनी, वही लोकांना दिसत नाय."

कुंदाने लिहिलेला शेवट असा होता की मालक चक्कर येऊन पडतो आणि दोघी त्याच्या कमरेची किल्ली काढून घेतात. लीला ऐकून म्हणाली, "हे मला नको."

"का? हसतील लोकं."

"हसतील. पण मालकाने विचारलंय ना. त्याला उत्तर मिळायला हवं."

त्या दिवशी लीला प्रथमच तालमीत एवढं बोलली. नऊ वर्षं आपण जिथे जातो तिथे खोटं सांगतो, म्हणाली. चाळीत मावसबहिणी, कचेरीत बहिणी, दवाखान्यात रूममेट. नाटकात तरी एकदा खरं सांगू या. मग तिने माझ्याकडून वही घेतली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मालक हात जोडून विचारतो, "बाई, आता खरं सांगा. तुम्ही एकमेकींच्या कोण?" त्यावर कुंदाचं उत्तर: "कोण नाय. आमी एकमेकींच्या."

एवढंच. प्रश्नातला 'कोण' तेवढा काढायचा की झालं उत्तर. आख्ख्या नाटकात लीलाने लिहिलेलं हे एकच वाक्य.

कुंदा ते मोठ्याने म्हणाली. मग हळू म्हणाली. बालवाडीत तिच्यासमोर आम्ही सात बायका होतो. मिशी लावलेल्या मीनाने शेवटी विचारलं, "अगं बाई. मग मी किल्ली देऊ का?"

"दे की," कुंदा म्हणाली. "आता मालकाला द्यायलाच लागते." तिचा आवाज जरा घोगरा झाला होता. शिट्टी मारायचं राहून गेलं.

मी लीलाला म्हटलं, "तुझं वाक्य आहे, तर तूच म्हण ना." तिने मान हलवली. भावाने तिच्यासाठी मनोरचं स्थळ बघितलं होतं. बिजवर, दोन मुलं, शेती. दिवाळीनंतर बार उडवून टाकू म्हणत होता. लीलाने त्याला सांगितलं होतं, दादा, आधी नाटक बघायला ये, मग आपण बोलू. "मी त्याला नंतर सांगणारच आहे," ती मला म्हणाली. "भांडण होईल, होऊ दे. पण मी एकटीने सांगितलं तर तो म्हणेल, तुझ्या डोक्यात काहीतरी भरलंय. कुंदाने चारचौघांत म्हटलं तर ते दोघींचं होतं. मला तिच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच."

हे कुंदाला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते. आमच्यासमोर, बालवाडीतल्या त्या लहानशा खुर्चीवर बसून तिने लीलाला सांगितलं होतं, "तुझ्या दादाच्या डोळ्यांत बघून म्हणेन. मग तर झालं?"

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता, कामगारांच्या हॉलमध्ये. हॉल गच्च. बायका पोरांसकट, पुरुष भिंतींना टेकून. लीलाचा दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, मांडीवर हात. पहिला अंक असा रंगला की मला वहीतली पानं उलटायचंही भान राहिलं नाही. सवतीच्या प्रवेशाला एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "खोटं हाय! माझी सवत बघा येऊन!" कुंदाने रंगमंचावरून तिला नमस्कार केला. "आजी, तुमची हकिगत दुसऱ्या अंकात!" हॉलचं छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं.

मध्यंतरात हॉलचे सेक्रेटरी विंगेत आले. त्यांनी रंगीत तालीम पाहिली होती. माणूस वाईट नव्हता. चहाचा कप हातात घेऊन माझ्या स्टुलाजवळच उभे राहिले, त्यामुळे मी सगळं ऐकलं. "कुंदाताई, फार छान चाललंय. पालघर, डहाणू, वसई, तिन्हीकडच्या मंडळांशी मी बोलतो. दहा प्रयोग तर नक्की. फक्त तो शेवट. लोक बायकापोरांना घेऊन येतात, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतो? बहिणीच दाखवा की. गोड होईल."

कुंदा पदराने मानेवरचा घाम पुसत होती. डोळे पडद्याच्या फटीतून बाहेर, भरलेल्या हॉलवर होते.

"बघते," ती म्हणाली.

धमकी कोणी दिली नव्हती. हॉल काढून घेतो असं कोणी म्हटलं नव्हतं. नोकरीचा प्रश्न नव्हता. एका माणसाने चहा पिता पिता एक सूचना केली होती, एवढंच. लीला माझ्यापासून चार हातांवर आरशासमोर अंबाडा घालत होती. दातांत आकडे धरलेले. मी उठून तिच्याजवळ जायला हवं होतं. मी मनात म्हटलं, लीलाच्या बाबतीत ती असं करणार नाही. आणि वही उघडून बसले.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. मीनाने हात जोडले. "बाई, आता खरं सांगा. तुम्ही एकमेकींच्या कोण?"

कुंदा बोलली नाही.

जी बाई कधी अडखळली नाही ती गप्प उभी होती. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. लीला तिच्याकडे बघत होती. मी प्रॉम्प्ट दिला. "कोण नाय." मी पुन्हा म्हटलं, "कोण नाय, आमी एकमेकींच्या." तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हटलं की मीनाने दचकून विंगेकडे पाहिलं. कुंदानेही पाहिलं. तिला शब्द आठवत नव्हता असं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पट्ट्यावरच्या वाकड्या लेबलाकडे बघायची. मग ती लोकांकडे वळली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली,

"अवो मालक, सख्ख्या बहिणी आमी! आईस एक, बाप एक, आडनावं तेवढी सरकारनं चुकवली!"

हॉल दणाणला. शिट्ट्या, टाळ्या, बाकावर पाय आपटणं. मीना बिचारी गोंधळली, तिने किल्ली दिली. वहीत असं होतं की लीलाने किल्ली घेऊन कुंदाचा हात धरायचा. लीलाने किल्ली घेतली. हात धरला नाही. पडदा पडेपर्यंत ती लोकांना नमस्कार करून उभी होती, अगदी सरळ.

दादा आत आला तो हसतच. लीलाच्या डोक्यावर हात ठेवला. "काय घाबरवलंस मला! नाटक बघ, मग बोलू! मला वाटलं, काय आणि काय!" मग कुंदाकडे वळून हात जोडले. "तुम्ही हिला बहिणीसारखं सांभाळलंत. उपकार आहेत तुमचे."

इथे पडदा नव्हता, प्रेक्षक नव्हते, सेक्रेटरी बाहेर होते. तिला म्हणता आलं असतं.

"म्हणजे काय दादा," कुंदा म्हणाली. "बहीणच ती माझी."

तो गेल्यावर लीला खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग काढत बसली. बराच वेळ. मग आरशातूनच म्हणाली, "मध्यंतरात आत येऊन सांगायचंस. मी म्हटलं असतं ते वाक्य."

"अगो, पण लोकं कशी हसली बघितलंस ना? ती म्हातारी..."

"बघितलं. मी तिथेच होते."

"दहा प्रयोग मिळतायत लीला. तिथं म्हणू. एकदा नाटकाचं नाव झालं की मग काय पण म्हणता येईल."

"तिथे दादा नसेल," लीला म्हणाली. बोळा खाली ठेवला, केस सोडले, चप्पल घातली. मला म्हणाली, "वहिनी, तुमचा प्रॉम्प्ट छान ऐकू येत होता." ही तिची थट्टा होती की आभार, हे मी तिला पुढे कधीही विचारलं नाही. मला अजून ते वाक्य टोचतं.

आठ-दहा दिवसांनी तिने दवाखान्याची नोकरी सोडली. मनोरचं स्थळ तिने स्वतःच मोडलं. दादाला मी जे सांगणार होते ते सांगायचं राहिलं, तर निदान खोटं लग्न तरी नको, म्हणाली. मग डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात तिला काम मिळालं आणि ती तिकडेच राहिली. दादा वर्षभर बोलला नाही. तिने त्याला खरं सांगितलं की नाही, ठाऊक नाही. एकटीने सांगण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

दहा नाही, सतरा प्रयोग झाले. लीलाच्या जागी दुसरी मुलगी आली. पालघरच्या प्रयोगाला मी गेले, कारण कबूल केलं होतं. कुंदाने माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर कोरा कागद चिकटवून नवं वाक्य लिहिलं होतं. कागद पातळ होता, खालचं लीलाचं अक्षर दिसत होतं. प्रयोग संपल्यावर मी वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आता दुसरी प्रॉम्प्टर बघ.

"तू पण रागावलीस, वैनी?"

"तू आम्हाला सात जणींना त्या बालवाडीत बसवून एक गोष्ट सांगितली होतीस," मी म्हटलं. "आणि आम्ही ती खरी मानली होती. माझ्या नवऱ्याने विचारलं, कसलं नाटक करता गं, तर मी त्याला ताठ मानेने सांगितलं होतं. मला काय गरज होती?"

तिने वही काखेत मारली आणि सामान मोजायला गेली.

लोक अजून म्हणतात, काळच तसा होता, ती तरी काय करणार. काळ तसा होता हे मला कोणी सांगायला नको, मी त्यातच राहत होते. पण काळाने तिला काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं मिशी लावलेल्या मीनाने, आणि उत्तर लिहून दिलेलं होतं.

कारखान्यात आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. पुढे तिने नोकरी सोडली आणि केळव्याला गेली. भावाने मुंबईच्या पाहुण्यांसाठी वाडीत चार खोल्या काढल्या होत्या, ती जेवणाचं बघते असं कळलं. मी लीलाकडे वर्षातून एकदा जाते. तिथले लोक तिला नर्सबाई म्हणतात, तिच्या शब्दाबाहेर नसतात. तिच्याकडे कुंदाचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी एका लग्नासाठी केळव्याला गेले होते. परत निघताना एसटीच्या थांब्यावर उभी, तर मागून हाक आली, "वैनी!" केस पांढरे, अंगाने निम्मी झालेली. पदर मात्र तसाच खोचलेला. घरचं विचारलं, गुडघ्यांचं बोललो. मग म्हणाली, "बस अर्ध्या तासानं हाय, जाऊ नको कुठं," आणि गेली. आली ती धापा टाकत, हातात स्टीलचा डबा.

"तिच्याकडं जातेस ना तू? मला म्हाईत हाय. नारळाच्या वड्या हायत. सकाळीच केल्या."

"देते."

डबा माझ्या हातात देताना तिने आजूबाजूला पाहिलं. थांब्यावर एक रिक्षावाला आणि दोन म्हाताऱ्या होत्या, बाकी कोणी नाही.

"मी दिल्या म्हणून नको सांगू," ती म्हणाली. "तूच केल्यास म्हण."

"मला वड्या जमत नाहीत. तिला माहीत आहे."

"मग दुकानातनं घेतल्या म्हण."

मी डबा परत तिच्या हातात ठेवला. "तुझं नाव सांगायचं असेल तर नेते, कुंदा. नाहीतर नाही."

ती डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिली. समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मी वाट पाहिली. खरंच पाहिली.

"बस आली बघ तुझी," ती म्हणाली.

तिनेच मला दंडाला धरून चढवलं. कंडक्टरला ओरडून सांगितलं, "बाईंना खिडकी द्या, पावण्या हायत आमच्या!" बस सुटली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तिने डबा उघडला होता आणि ती रिक्षावाल्याला वडी देत होती. तो काहीतरी म्हणाला, आणि दोन्ही म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.